धाकट्या डोंगरांचे भय

नाताळच्या आधीच्या आठवड्यात एके सायंकाळी माझा एक जुना विद्यार्थी शहापुरातील माझ्या घरी आला. हिमालयात जाण्याची त्याची सर्व सिद्धता झाली होती. पाठीवरची पिशवी, बूट, लोकरीचे कपडे यांची खरेदी आटोपली होती. उरला होता तो केवळ आईचा होकार, आणि तो मिळवण्यासाठी त्याला माझी साक्ष हवी होती. तो म्हणाला, "सर, तुम्ही आईला एवढेच सांगा, की हे एव्हरेस्ट नव्हे. केदारकंठाचे शिखर साडेबारा हजार फुटांचे. हिमालयाच्या मानाने अगदी धाकटा डोंगर. तिथे काय व्हायचे आहे?"

मी शाळेत इतिहास शिकवतो. गिर्यारोहण हा माझा विषय नव्हे. परंतु 'धाकटा डोंगर' हे त्याचे शब्द माझ्या मनात रुतून बसले. डोंगराची उंची पाहून त्याच्या भयाचे माप घ्यावयाचे, ही समजूत फार जुनी आहे आणि तिने फार जीव घेतले आहेत. मी त्याला दोन दिवसांनी आईला घेऊन यावयास सांगितले. त्या दिवशी त्या दोघांना जे सांगितले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम इंग्लंडात जाऊ. साल १८३६. आमचे शहापूर तेव्हा सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात मोडत होते. इंग्लंडच्या दक्षिणेस ससेक्स परगण्यात लुईस नावाचे गाव आहे. गावाच्या कडेला खडूच्या दगडाची एक टेकडी आहे. तिची उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे फुटांच्या आसपास. आमचे बेळगाव-शहापूर सुमारे अडीच हजार फुटांवर वसलेले आहे. म्हणजे आपण आपल्या अंगणात उभे राहतो, ती जागाच त्या टेकडीच्या माथ्याहून चौपटीने उंच! अशा टेकडीच्या पायथ्याशी गरीब कुटुंबांसाठी बांधलेल्या घरांची एक ओळ होती.

त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी बर्फ पडू लागले आणि त्याबरोबर सोसाट्याचा वारा सुटला. वाऱ्याने माथ्यावरचे बर्फ लोटत आणून टेकडीच्या काठावर रचले. घरावरची पागोळी पुढे झुकावी तसा बर्फाचा मोठा सज्जा काठाच्या बाहेर लोंबू लागला. २६ डिसेंबरच्या सायंकाळी त्याचा एक भाग कोसळून जवळच्या लाकडाच्या वखारीवर पडला. याहून स्पष्ट इशारा कोणता असावा? घरांतील माणसांना बाहेर पडण्याविषयी सांगण्यातही आले. पण ऐन थंडीत घर सोडून जाणे त्यांच्या जिवावर आले. दुसऱ्या दिवशी, २७ डिसेंबरच्या सकाळी, उरलेला सज्जा खाली आला. पंधरा माणसे गाडली गेली. सात जणांना लोकांनी जिवंत उपसून काढले. आठ जण गेले. हिमस्खलनाने ब्रिटनमध्ये एका वेळी इतकी माणसे त्यापूर्वी वा त्यानंतर दगावल्याची नोंद नाही. आणि ही घटना कोणा हिमशिखरावरची नव्हे, साडेपाचशे फुटांच्या टेकडीखालची आहे. त्याच जागी पुढे एक पानगृह उभे राहिले. त्याला 'स्नोड्रॉप' असे नाव दिले गेले. हे एका नाजूक फुलाचेही नाव आहे. पण गावकऱ्यांना त्याचा दुसरा अर्थ सांगावा लागत नाही.

दुसरी घटना पोलंडमधली. पोलंड आणि चेक प्रदेश यांच्या सीमेवर कर्कोनोशे नावाची डोंगररांग आहे. तिचे सर्वोच्च शिखर १,६०३ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे. बायाबापड्या नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला चढून जातात. त्याहून ठेंगणा डोंगर पाहून कोणास भय वाटेल? म्हणूनच त्या रांगेत हौशी प्रवाशांची नेहमी वर्दळ असते. तेथे 'पांढरी घळ' अशा अर्थाच्या नावाची एक दरी आहे. २० मार्च १९६८ रोजी, हिवाळा सरत आला असताना, काही प्रवासी त्या घळीतून पायी चालले होते. वरचा उतार निसटला आणि बर्फाचा लोट घळीतून खाली आला. १९ जण ठार झाले. त्यांत १३ रशियन होते, ४ जर्मन होते आणि २ पोलंडचेच होते. ही सारी चालायला आलेली साधी माणसे होती. शिखरे सर करणारे वीर नव्हते.

आता प्रश्न असा, की कळसूबाईएवढ्या डोंगरावर हे घडते कसे? याचे उत्तर उंचीत नाही. ते उतारात आहे. आपल्या सह्याद्रीवर बर्फ पडत नाही, याचे कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत. उत्तरेकडे जावे तसतशी बर्फाची रेषा खाली उतरते, आणि लहानशी टेकडीही हिवाळ्यात बर्फाने लादली जाते. मग बर्फ घसरते केव्हा? उतार फार सौम्य असेल, तर ते बसून राहते. फार उभा असेल, तर साठण्याआधीच थोडे थोडे झडून जाते. धोका असतो तो मधल्या उतारावर, साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या. घरातील साधा जिना चढतो त्याचा कोन तीस-पस्तीस अंशांचा असतो. म्हणजे माणसाला चढावयास जो उतार बरा वाटतो, तोच बर्फाला घसरावयास सोयीचा असतो. दोघांची गाठ तेथेच पडते.

दुसरी गोष्ट, बर्फ हे एकजीव नसते. दर वेळी पडलेल्या बर्फाचा एक थर, अशी त्याची थरावर थर रचना होते. कडाक्याच्या थंडीत काही थरांतले कण साखरेच्या दाण्यांसारखे मोठे आणि सुटे होतात. त्यांच्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर येऊन बसला, की काय होते? तिरप्या फळीवर जोंधळ्याचे दाणे पसरावेत आणि त्यांवर एक जड पाट ठेवावा, तसे होते. पाट स्थिर दिसतो. पण बोटाचा धक्का लागला की निसटतो. तो धक्का बहुधा माणसाच्या पावलाचाच असतो. हौशी चढाईच्या प्राणघातक अपघातांत दहांपैकी नऊ वेळा बर्फाचा लोट सुटतो तो त्यात सापडणाऱ्याच्या किंवा त्याच्या सोबत्यांच्याच वजनाने, असे या विषयाच्या अभ्यासकांना आढळून आले आहे. डोंगर आपल्यावर कोसळत नाही. आपणच तो आपल्यावर ओढून घेतो.

हे ज्ञान माणसाला एका दिवसात आले नाही. त्याचाही एक इतिहास आहे, आणि मला त्यात सर्वांत मोलाची वाटते ती सावध करणाऱ्यांची परंपरा. आल्प्स पर्वतात, इटली आणि स्वित्झर्लंड यांच्यामधल्या खिंडीत, इ. स. १०५० च्या सुमारास संत बर्नार्ड यांनी एक धर्मशाळा उभारली. खिंड सुमारे आठ हजार शंभर फुटांची. तेथील व्रतस्थांनी शतकानुशतके एकच काम केले: वाटसरूंना निवारा देणे, वाट दाखवणे, आणि कोणी बर्फात हरवला तर त्याचा शोध घेणे. त्यांच्या कुत्र्यांची कीर्ती जगभर गेली. बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीस माणसांचे प्राण वाचवले, असे सांगतात. १८१४ साली तो मेला, आणि त्याचे शरीर बर्न शहराच्या संग्रहालयात जतन करून ठेवले आहे. १९२३ साली अकरावे पायस या पोपमहोदयांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. हे पोप स्वतः तरुणपणी आल्प्समध्ये हिंडलेले गिर्यारोहक होते. १८८९ साली ते माँते रोझा चढून गेले होते. ज्याने शिखरांचा मोह अनुभवला, त्यानेच शिखरवीरांसाठी आश्रयदाता निवडला तो खिंडीत उभे राहून वाटसरूंना जपणारा. यात मोठे शहाणपण आहे, असे मला वाटते.

स्वित्झर्लंडमधीलच आंडरमाट या गावाची कथा अशीच आहे. गावाच्या डोक्यावरच्या उतारावर एक छोटेसे रान आहे. ते रान बर्फ धरून ठेवते, हे गावकऱ्यांनी ओळखले, आणि १३९७ साली लेख करून त्याची तोड बंद केली. आपल्याकडे देवराईतील काडी कोणी मोडीत नाही, ते देवाच्या धाकाने. तेथे झाडे राखली ती डोंगराच्या धाकाने. १९३६ साली दाव्होसजवळच्या डोंगरावर एका झोपडीत काही शास्त्रज्ञ बर्फाचे थर कापून तपासू लागले, आणि १९४२ साली त्यातून एक कायमची संशोधनसंस्था उभी राहिली. १९५०-५१ च्या एका हिवाळ्यात आल्प्समध्ये अडीचशेहून अधिक माणसे हिमस्खलनात गेली. त्यानंतर हे काम अधिकच नेटाने चालले. स्कॉटलंडातील सर्वोच्च शिखर आपल्या महाबळेश्वराएवढेच उंच; तरीही १९८८ पासून तेथे हिवाळ्यात डोंगरांवरच्या हिमस्थितीचे इशारे देणारी यंत्रणा सुरू झाली. आपल्या देशात संरक्षण खात्याने १९६९ साली मनाली येथे बर्फ आणि हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली. २०२० साली तिची पुनर्रचना होऊन ती एका नव्या नावाच्या, चंदीगड येथील संस्थेत समाविष्ट झाली. हिमालयातील हिमस्खलनाचे अंदाज आणि इशारे देण्याचे काम तिच्याकडे आहे.

श्रोतेहो, आपण म्हणाल, हे सर्व परक्या मुलखातले झाले. आम्हा बेळगावकरांचा बर्फाशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. १९२२ पासून आमच्या गावी मराठा पलटणीचे केंद्र आहे. या भागातील घराघरांतून मुले सैन्यात जातात आणि त्यांच्या वाट्याला हिमालय येतो. बेटदूर हे धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळ तालुक्यातले एक खेडे. तेथील हणमंतप्पा कोप्पद हे मद्रास पलटणीत लान्सनायक होते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनमध्ये, सुमारे साडेएकोणीस हजार फुटांवरच्या चौकीवर, बर्फाची भिंत कोसळली आणि दहा जवान तिच्याखाली गेले. सहाव्या दिवशी हणमंतप्पा जिवंत सापडले, तेव्हा साऱ्या देशाने हात जोडले. ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. आमच्या या कोरड्या, काळ्या मातीच्या मुलखातला शेतकऱ्याचा मुलगा, आणि त्याचा मृत्यू बर्फाखाली!

सियाचेन फार उंच आहे, हे खरे. पण ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळच्या उतारावर लष्कराच्या प्रशिक्षणशाळेतील १७ जवान गेले. आणि गुलमर्ग म्हणजे नवविवाहित जोडपी बर्फात खेळावयास जातात ते ठिकाण. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोकहून नाथू-ला खिंडीकडे जाणाऱ्या मोटाररस्त्यालगत हिमस्खलन झाले आणि सात पर्यटक मृत्युमुखी पडले. त्यांना कोठले शिखर गाठावयाचे नव्हते. ते गाडीतून उतरून बर्फ पाहावयास गेले होते. प्रवाशांना परवानगी होती त्या मर्यादेच्या पुढे ही जागा होती, असे तेव्हाच्या वृत्तान्तांत आले होते. सैनिक कर्तव्य म्हणून उताराखाली उभा राहतो. आपण हौसेने जातो. म्हणून आपल्याला मागे फिरण्याची मोकळीक आहे, आणि ती मोकळीक वापरणे हे आपले कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट मला फार दिवस सलते आहे. बर्फाच्या या लोटाला आपल्या बोलीत रुळलेला शब्द नाही. हिमस्खलन, हिमप्रपात हे शब्द पुस्तकांतून आले. पण मातीच्या लोटाला मात्र घाटावरच्या आणि कोकणातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी शब्द आहे, दरड. शब्द असूनही आपण सावध झालो काय? ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. एस. टी. चा चालक नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला, तेव्हा त्याला गाव जागेवर दिसेना. बाहेरच्या जगाला बातमी कळली ती त्याच्यामुळे. १५१ माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जणांचा पत्ता लागला नाही. वाडीपर्यंत रस्ता नव्हता; यंत्रे चढू शकली नाहीत; लोकांनी कुदळ-फावड्यांनी माती उपसली. गडकिल्ल्यांवर हिंडणारे तरुण वाट ओळखीची म्हणून रात्रीच मदतीला धावले, ही त्या काळोखातील एक उजेडाची गोष्ट.

इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हते, हे नंतर सांगण्यात आले. लुईसच्या लोकांना इशारा मिळाला होता, त्यांनी तो मानला नाही. इर्शाळवाडीच्या ठाकरांना तर इशारा द्यावयास कोणी आलेच नाही. माती आणि बर्फ यांचा नियम मात्र एकच आहे. उतार, त्यावरचा सुटा थर, आणि वरून आलेले ओझे. बर्फात ते ओझे नव्या हिमवर्षावाचे वा वाऱ्याने आणून टाकलेल्या हिमाचे असते. सह्याद्रीत ते आषाढ-श्रावणातील पाण्याचे असते. ऐन पावसाळ्यात आंबोलीला, चोर्ला घाटात वा पारगडाच्या वाटेवर जी आमची मुले धबधबे पाहावयास जातात, त्यांनाही हा नियम लागू आहे. सलग मुसळधार पाऊस झाल्यावर उभ्या उताराखाली मुक्काम करू नये. उतारावर नवी भेग दिसली, सरळ झाडे कलली, झऱ्याचे निवळ पाणी एकाएकी गढूळ झाले, तर छायाचित्र काढीत न थांबता बाजूला व्हावे आणि खालच्या वाडीला सांगावे.

आणि हिमालयात जावयाचेच असेल, तर? जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. डोंगर माणसाला नम्र करतात, आणि तरुणांना नम्रतेची गरज असते. पण जाणाऱ्याने काही गोष्टी गाठीस बांधाव्यात. निघण्यापूर्वी हिमस्खलनाचा इशारा पाहावा. मोठा हिमवर्षाव वा वादळी वारा झाल्यावर किमान एक-दोन दिवस थांबावे. वाऱ्याच्या आडोशाची बाजू सुखाची वाटते, पण उडून आलेले बर्फ तेथेच साठते. काठावर लोंबणाऱ्या सज्जाखालून जाऊ नये. संशयाचा उतार ओलांडताना सर्वांनी एकदम न जाता एकेकाने जावे, बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवावी. शोधासाठीचे संकेतयंत्र, बर्फात खुपसण्याची लांब सळई आणि फावडे ही तिन्ही प्रत्येकाजवळ असावीत. कारण गाडला गेलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला, तर बहुधा वाचतो. अर्धा तास उलटला, की आशा फार थोडी उरते. तेवढ्या वेळात खालून मदत येत नाही. जो वाचवील तो बरोबरचा सोबतीच.

हे सर्व त्या दिवशी मी सांगितले. माझा विद्यार्थी वहीत टिपून घेत होता. त्याची आई मात्र शांतपणे ऐकत होती. मी थांबल्यावर तिने मुलाकडे वळून एकच विचारले, "तिथं तुम्हाला मागं फिरा म्हणून सांगणारं कोण आहे? आणि त्यानं सांगितलं तर तू ऐकशील काय?"

माझ्या साऱ्या व्याख्यानाचा अर्थ त्या माऊलीने दोन वाक्यांत सांगून टाकला. खिंडीतले व्रतस्थ, आंडरमाटचे लेख लिहिणारे गावकरी, दाव्होसच्या झोपडीतले शास्त्रज्ञ, हे सारे 'मागे फिरा' असे सांगणारेच होते. माळीण आणि इर्शाळवाडी येथे तसे सांगणारा कोणी नव्हता, आणि लुईसला होता, पण त्याचे ऐकले गेले नाही.

मुलगा जानेवारीत जाऊन आला. शिखर त्याला मिळाले नाही. वरच्या तळावर रात्रभर बर्फ पडत राहिले, आणि पहाटे तेथल्या वाटाड्याने, वयाने याच्याहून फारसा मोठा नसलेल्या एका गढवाली तरुणाने, आज वर जावयाचे नाही असे सांगितले. बरोबरच्या काहींनी कुरकुर केली. पैसे भरले आहेत, हवा तर निवळली आहे, असे म्हणून पाहिले. तो बधला नाही. सगळे खाली उतरले. परत आल्यावर हे सांगताना माझ्या विद्यार्थ्याच्या बोलण्यात थोडी खंत होती. मी त्याला त्या वाटाड्याचे नाव विचारले. ते त्याला ठाऊक होते. त्याने ते आपल्या वहीत लिहून आणले होते.